रॅक कॅबिनेट (घरगुती ध्वनियंत्रणा)

घरी जुळवलेला ॲम्प्लिफायर, प्रीॲम्प (ॲम्प्लिफायरच्या आधीचा टप्पा), क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगळे करणारे यंत्र) किंवा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारे यंत्र) १९ इंची रॅकमध्ये, म्हणजे यंत्रे एकावर एक बसवायच्या ठरलेल्या मापाच्या चौकटीत, बसावा म्हणून त्याला जो धातूचा डबा करतात किंवा तयार घेतात, तो म्हणजे रॅक कॅबिनेट. बाजारात नुसते ‘कॅबिनेट’ म्हटले तरी ॲम्प्लिफायरचा रिकामा डबा असाच अर्थ घेतला जातो. ठाणे व नवी मुंबईत हे काम तुलनेने सोपे आहे. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यांत लेझर कटिंग, बेंडिंग आणि पावडर कोटिंगची कामे चालतात, आणि सुटे भाग व तयार डब्यांसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार आहेच.

मापे

‘१९ इंच’ हे पुढच्या पट्टीचे (डब्याच्या तोंडावरच्या, रॅकला स्क्रूने बसणाऱ्या पत्र्याचे) माप आहे, डब्याचे नाही. पट्टीची रुंदी ४८२.६ मिमी. रॅकच्या दोन उभ्या रेल्समधली मोकळी जागा ४५० मिमी, आणि डाव्या-उजव्या भोकांच्या मध्यांतले अंतर ४६५.१ मिमी. म्हणून डब्याचे अंग ४३० ते ४४० मिमीच ठेवावे लागते. उंची ‘यू’मध्ये मोजतात. १ यू म्हणजे ४४.४५ मिमी, पण पट्टी त्याहून सुमारे ०.८ मिमी आखूड कापतात, नाहीतर शेजारचे यंत्र बसत नाही. २ यू पट्टी त्यामुळे ८८.१ मिमी होते. रेल्सवर भोके सारख्या अंतराने नसतात. १५.८७५, १५.८७५ आणि १२.७ मिमी असा क्रम दर यूला पुन्हा येतो. २ यू पट्टीवर स्क्रूच्या वरच्या व खालच्या खाचेत (लांबट भोकात) ७६.२ मिमी अंतर धरले की दोन्ही स्क्रू बरोबर लागतात. खाच ७ मिमी उंच व १० मिमी आडवी ठेवावी. गोल भोक पाडू नये, कारण रेल्स मिलीमीटरभर इकडेतिकडे असतातच.

सर्वांत जास्त माल इथेच वाया जातो. सुतार आणि लहान फॅब्रिकेटर सुतात बोलतात (८ सूत म्हणजे १ इंच, १ सूत म्हणजे जवळपास ३.२ मिमी). ‘१९ इंचाचा डबा’ एवढेच सांगितले तर अंगच ४८२ मिमीचे येते आणि ते कुठल्याच रॅकमध्ये शिरत नाही. लाकडी रॅक करून घेतानाही ‘आतून १९ इंच’ सांगू नये. आतली रुंदी ४८८ ते ४९० मिमी लागते, म्हणजे रेल्सची रुंदी धरून मधली जागा ४५० उरते. कागदावर आकृती काढून सगळी मापे मिमीमध्ये लिहून देणे हाच खात्रीचा उपाय.

तयार आणि जुने डबे

भंगारात मिळणारे सर्व्हरचे डबे मजबूत असतात, पण बहुतेक ६०० ते ७५० मिमी खोल असल्याने घरच्या रॅकबाहेर येतात. औद्योगिक संगणकांचे ४ यू डबे साधारण ४५० मिमी खोल असतात, ते बरे पडतात. त्यांच्या तोंडाला डिस्क ड्राइव्हच्या खिडक्या असतात. त्यांवर ३ मिमी ॲल्युमिनियमची नवी पट्टी चढवावी. त्याहून चांगला स्रोत म्हणजे गणपती-नवरात्रात साउंड भाड्याने देणाऱ्यांकडचे नादुरुस्त २ यू व ३ यू ॲम्प्लिफायर. त्यांत डबा, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा पंखांचा धातू) आणि अनेकदा चालू ट्रान्सफॉर्मर असे तिन्ही हाती लागते. हेच लोक ज्या कारागिरांकडून फ्लाइट केस (यंत्रे वाहून न्यायच्या मजबूत पेट्या) करून घेतात, त्यांच्याकडे रॅक रेल्स सुट्या मिळू शकतात.

नवी मुंबईत डिसेंबर २०२० मध्ये तुर्भ्याला आयकिया सुरू झाल्यापासून एक युक्ती इथेही हाताशी आली आहे. त्यांच्या ‘लॅक’ या ५५ सेंमी चौरस टेबलाच्या पायांमधली जागा जवळजवळ ४५० मिमी असते. पट्टीचे कान (डब्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर येणारी टोके) पायांवर स्क्रूने बसतात आणि साधारण ८ यू जागा मिळते. पाय आतून पोकळ असतात, म्हणून डॅक आणि प्रीॲम्प अशी हलकी यंत्रेच चालतील. टोरॉइड (कड्याच्या आकाराचा जड ट्रान्सफॉर्मर) असलेला ॲम्प्लिफायर त्यावर लटकवू नये, तो खाली पाटावर ठेवावा.

पत्र्याचे काम

तळासाठी १.६ मिमी (१६ गेज) सीआरसीए (थंड लाटलेला पोलादी) पत्रा आणि झाकणासाठी १.२ मिमी (१८ गेज) पुरतो. पुढची पट्टी ३ मिमी ॲल्युमिनियमची. तळ आणि दोन बाजू एकाच पत्र्यातून वळवल्या की डबा ताठ राहतो. लेझरवाल्याला डीएक्सएफ फाइल (संगणकावर काढलेली आकृती) लागते, आणि तीत पसरलेल्या पत्र्याचे माप हवे. उदाहरणार्थ बाहेरून ४३० मिमी रुंद, ८४ मिमी उंच आणि ३०० मिमी खोल डबा घेऊ. बाहेरच्या मापांची बेरीज ४३० + ८४ + ८४ = ५९८ मिमी. पण वळणात पत्रा ताणला जातो. १.६ मिमी पत्रा आणि तेवढीच आतली त्रिज्या असेल तर प्रत्येक वळणाला सुमारे २.९ मिमी वजा होतात, म्हणून पत्रा ५९२.२ मिमी कापायचा. आतली त्रिज्या डायवर (वळवायच्या साच्यावर) ठरते, म्हणून बेंडिंगवाल्याकडे आधी विचारून हिशेब करावा. फक्त तेवढा तळ-बाजूचा पत्राच सव्वादोन किलोच्या आसपास भरतो.

वळणाच्या रेषेपासून ६ मिमीच्या आत भोक असले तर वळताना ते अंडाकृती होते. पावडर कोटिंग प्रत्येक पृष्ठभागावर ६० ते ८० मायक्रॉन चढते, त्यामुळे भोक सव्वा ते दीड दशांश मिलीमीटर लहान होते आणि आट्यांत पावडर बसते. आटे आधी झाकून घ्यावेत किंवा नंतर टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवावा. भोकांची नेहमीची मापे अशी: डी-प्रकारच्या एक्सएलआरला (तीन पिनांच्या ऑडिओ सॉकेटला) २४ मिमी भोक आणि स्क्रूंसाठी आडवे १९ व उभे २४ मिमी अंतर, १६ मिमी पॉटला (आवाज कमी-जास्त करायच्या गोल नियंत्रकाला) ७ मिमी, छोट्या टॉगल स्विचला साडेसहा मिमी. मेन्सच्या आयईसी सॉकेटच्या (संगणकासारखी सुटी वायर लागते त्या सॉकेटच्या) स्क्रूंत ४० मिमी अंतर असते, पण मधली खिडकी हातातला सॉकेट मोजूनच कापावी.

आतली मांडणी आणि अर्थिंग

१ यू डब्यात आत जेमतेम ४० मिमी उंची मिळते. ३०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा टोरॉइड त्यात मावत नाही, त्याला २ यू लागतो. टोरॉइडच्या मधल्या बोल्टचे वरचे टोक झाकणाला टेकले तर तळ, बोल्ट आणि झाकण मिळून एक शॉर्ट झालेला फेरा तयार होतो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि फ्यूज उडतो. झाकण बंद करताच फ्यूज जातो आणि उघडे ठेवले की सगळे ठीक चालते, ही याची हमखास खूण. बोल्ट आणि झाकण यांत किमान ५ मिमी अंतर ठेवावे. जड यंत्राला फक्त पुढच्या कानांवर टांगू नये, मागे आधार किंवा खाली टेकू द्यावा.

आवाजातला हम (सतत घुमणारी गुणगुण) कशामुळे येतो ते ओळखता येते. सौम्य ५० हर्ट्झचा असेल तर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंड लूप (ग्राउंडच्या वायरींचा बंद फेरा), करकरीत १०० हर्ट्झचा असेल तर रेक्टिफायरकडून (एसीचा डीसी करणाऱ्या भागाकडून) येणारी वायर चुकीच्या ठिकाणी जोडलेली. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ॲल्युमिनियम फारसे अडवत नाही. प्रीॲम्प आणि ट्रान्सफॉर्मर शेजारी असतील तर मध्ये लोखंडी पत्रा हवा. रॅकमध्ये सगळे डबे रेल्समधून एकमेकांना जोडले जातात, म्हणून सिग्नल ग्राउंड डब्याला थेट न जोडता १० ओहम रोध आणि समांतर उलटसुलट जोडलेल्या दोन जाड डायोडमार्फत जोडतात. मेन्सच्या अर्थची वायर मात्र डब्यालाच थेट, आणि ती कधीही तोडायची नाही. त्यासाठी वेगळा एम४ बोल्ट घ्यावा, खालची पावडर घासून पत्रा उघडा करावा आणि दातेरी वॉशर लावावा. पावडर कोटिंग वीजरोधक असते. ती न घासल्यास झाकण आणि पुढची पट्टी अर्थविना राहतात. मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ पिनपासून प्रत्येक तुकड्यापर्यंत तपासावे. मीटरच्या वायरींचा रोध वजा केल्यावर ०.१ ओहमच्या आसपास यायला हवा. पहिल्यांदा २३० व्होल्ट देताना १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा.

हवा आणि पावसाळा

एबी वर्गाच्या (चालताना तापणाऱ्या नेहमीच्या प्रकारच्या) ॲम्प्लिफायरच्या वर १ यू जागा रिकामी सोडावी. झरोके ३ मिमीहून रुंद ठेवू नयेत. झुरळे आत शिरतात, उबदार ट्रान्सफॉर्मरजवळ वस्ती करतात आणि त्यांच्या घाणीने बोर्डावर विजेची गळती होते. मोठा झरोका हवाच असेल तर आतून बारीक जाळी लावावी. खाडीजवळच्या इमारतींत जून ते सप्टेंबर कोटिंगनंतर पाडलेल्या भोकांच्या कडांना पहिला गंज धरतो, म्हणून सगळी भोके कोटिंगआधीच पाडावीत. उरलेली एखादी नंतर पाडलीच तर कड कानसून प्रायमर लावावा. अर्थच्या घासलेल्या जागेवर बोल्ट घट्ट केल्यानंतर बाहेरून पातळ ग्रीस लावतात, आणि पावसाळा संपला की तो बोल्ट एकदा पुन्हा आवळतात.