स्पॅनिश शिकायला मराठी कामी येते

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतलं मूल घरी अहिराणी किंवा भोजपुरी, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी बोलतं. तरी स्पॅनिशचं नाव काढलं की पालक म्हणतात, "आधी इंग्रजी तरी नीट येऊ दे." मला हे पटत नाही. मराठी मुलाला स्पॅनिश काही बाबतींत इंग्रजीपेक्षा जवळची आहे.

आधी कानाचं बघू. जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातल्या बाळांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येत होते. वर्षाची होईतो बहुतेकांना तो फरक कळेनासा झाला. आपल्या मुलांचा मात्र तो रोजच्या वापरातला. स्पॅनिशचा 'त' आपल्यासारखाच दंत्य आहे आणि स्वर अवघे पाच.

व्याकरणात तर ओळखीच्या खुणा भेटतात. 'मला आंबा आवडतो' म्हणजे 'मे गुस्ता एल मांगो'. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', आपल्या 'आवडतात'सारखं. दोन्हीकडे क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही. इंग्रजीच्या वाटेने येणारे इथे हमखास अडखळतात. आपण 'घर बघतो', पण 'आईला बघतो'. स्पॅनिशमध्येही कर्म माणूस असलं की आधी 'आ' लागतो. शिक्षकांनी हे मराठीतूनच समजावावं, इंग्रजीचा वळसा कशाला?

जास्त भाषांनी मेंदू तल्लख होतो, हा दावा मी करणार नाही. त्यावर संशोधकांचं एकमत नाही. भाषेच्या रचनेकडे जाणीवपूर्वक बघता येतं, याला जास्त आधार आहे.

मात्र मोबाइल हातात दिला की झालं, असं नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही जण समोर बसून मँडरिन चिनीत बोलले, खेळले. बारा बैठकींत बाळांनी त्या भाषेतले उच्चारभेद टिपले. तेच पडद्यावर दाखवलेल्या बाळांना काहीच साधलं नाही. शाळकरी मुलं बाळांसारखी शिकत नाहीत हे खरं, पण त्यांनाही बोलायला समोर माणूस हवाच.

स्पॅनिश सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांत शिकवता येतील अशा परदेशी भाषांत तिचं नाव आहे. निर्यातीच्या द्राक्षांत आपल्याशी स्पर्धा करणारे पेरू आणि चिली हे देशही स्पॅनिशच बोलतात. तिथले बागायतदार छाटणीबद्दल, नव्या वाणांबद्दल काय लिहितात, हे निफाड-दिंडोरीच्या मुलांना थेट वाचता येईल.