नुकसानभरपाई (अपकृत्यातील)

एखाद्याच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे दुसऱ्याच्या शरीराला, मालमत्तेला, अब्रूला किंवा स्वातंत्र्याला बाध आला, तर त्यापोटी न्यायालय बाधिताला देववते ती रक्कम. ज्या चुकीबद्दल ती द्यावी लागते तिला अपकृत्य म्हणतात. गुन्ह्यात शासन खटला चालवते आणि शिक्षा मागते. अपकृत्यात ज्याला इजा झाली तोच वादी होऊन पैसे मागतो. करारातले कर्तव्य दोन पक्षांनी आपखुशीने पत्करलेले असते, तर अपकृत्यातले कर्तव्य कायद्याने सर्वांवर घातलेले असते. बेदरकार चालकाने कोणाचा पाय मोडला, तर त्याच्यावर फौजदारी खटला होतो आणि जखमी माणूस वेगळा दिवाणी दावाही लावू शकतो. फौजदारीत निर्दोष सुटलेला चालक दिवाणी दाव्यात हरू शकतो, कारण तेथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही. कोणाची हकीकत अधिक संभवनीय आहे, एवढेच पाहतात.

नुकसान झाले म्हणजे भरपाई मिळालीच, असे नाही. जो तोटा होतो तो ज्याचा त्याने सोसावा, हा मूळ नियम. तो दुसऱ्यावर टाकायचा तर कायद्याला पटेल असे कारण लागते. इंग्लंडमध्ये 1410 साली एका शाळेच्या शिक्षकांनी गावात दुसरी शाळा निघाल्यामुळे फी कमी करावी लागली म्हणून दावा लावला, तो फेटाळला गेला. स्पर्धेने तोटा होतो, हक्क जात नाही. याउलट 1703 सालच्या एका खटल्यात मतदाराला मत देऊ दिले नव्हते. त्याने पसंत केलेला उमेदवार निवडून आला, म्हणजे पदरचे काही गेले नाही. तरी हक्क डावलला म्हणून दावा टिकला.

इ.स.पू. तिसऱ्या शतकातील रोमच्या आक्विलियन कायद्यात दुसऱ्याचा गुलाम किंवा कळपातील जनावर मारणाऱ्याने त्याची मागील वर्षभरातील सर्वांत जास्त किंमत मोजावी, असे कलम होते. माणूस आणि गुरे एकाच कलमात बसवणारा हा कायदा आज वाचवत नाही, पण इजेचे मोल मालमत्तेच्या हिशोबाने करण्याची सवय किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेने स्वतःच्या दोषामुळे दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यावे, एवढे एकच व्यापक सूत्र घातले. 1900 मध्ये अमलात आलेल्या जर्मन संहितेने मात्र जीवित, शरीर, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता अशी संरक्षित हितांची यादी केली. इंग्रजी कायदा एकेका निकालातून वाढला आणि भारतासह अनेक देशांत त्याच वळणाने गेला.

हयगयीच्या दाव्यात प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते मोडले आणि त्यामुळेच नुकसान झाले, हे तिन्ही दाखवावे लागते. पहिल्या मुद्द्यावर ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने (तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायपीठ) 1932 मध्ये डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन खटल्यात दिलेला निकाल युगप्रवर्तक आहे. अपारदर्शक बाटलीतल्या पेयात कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार होती. पेय मैत्रिणीने विकत घेतले होते, त्यामुळे पिणारीचा कोणाशीच करार नव्हता. तरीही, आपल्या कृतीची झळ ज्यांना पोचेल असे आधीच ध्यानात यायला हवे त्या सर्वांची काळजी घेणे उत्पादकाला बंधनकारक आहे, असे लॉर्ड ॲटकिन यांनी ठरवले. आजचा ग्राहक-संरक्षणाचा विचार बऱ्याच अंशी या पायावर उभा आहे.

कार्यकारणाचा मुद्दा सर्वांत अवघड. लंडनच्या एका रुग्णालयात विषबाधा झालेल्या पहारेकऱ्याला डॉक्टरने न तपासताच परत पाठवले आणि तो मरण पावला. हयगय उघड होती. पण तपासले असते तरी वेळेत उतारा देता आला नसता, असे दिसल्यावर 1968 मध्ये दावा नामंजूर झाला. तर्क निर्दोष आहे. कुटुंबाच्या दृष्टीने तो कठोरच राहतो. परिणामांची साखळीही कोठेतरी तोडावी लागते. 1961 च्या वॅगन माउंड निकालापासून, ज्या प्रकारचे नुकसान होईल असे शहाण्या माणसाला आधी दिसले असते, तेवढ्यापुरतेच दायित्व मानतात. मात्र जखमी मुळातच नाजूक प्रकृतीचा असला, तर ‘दुसरा असता तर वाचला असता’ ही सबब चालत नाही. जखमीचीही चूक असेल तर जुन्या इंग्रजी कायद्यात दावा पुरताच बुडे. 1945 च्या अधिनियमानंतर दोषाच्या प्रमाणात रक्कम कमी होते.

काही कामे इतकी धोक्याची असतात की तेथे दोष शोधत बसणे अन्यायाचे ठरते. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर (1868) खटल्यात जलाशयाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले, तेव्हा जमिनीवर धोकादायक वस्तू साठवणाराच जबाबदार ठरला; पण दैवी आपत्तीसारखे अपवाद उरले. दिल्लीतील 1985 च्या ओलियम वायुगळतीनंतर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भगवती यांच्या 1986 च्या निकालात, घातक उद्योगांपुरते हे अपवादही काढून टाकले आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई जास्त, असे म्हटले. भोपाळच्या दुर्घटनेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. खुद्द भोपाळचा दावा मात्र 1989 मध्ये 47 कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला आणि ती रक्कम वाढवण्याची अखेरची याचिका 2023 मध्ये फेटाळली गेली. तत्त्व कडक झाले, पण ज्यांच्या दुःखातून त्याची निकड कळली त्यांना त्याचा लाभ झाला नाही.

रक्कम किती? चूक झालीच नसती तर बाधित ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत पैसा त्याला जितका नेऊ शकेल तितका न्यावा, हे लॉर्ड ब्लॅकबर्न यांचे 1880 चे सूत्र आजही चालते. मोडलेल्या यंत्राला ते चपखल लागू पडते. गेलेल्या डोळ्याला ते लागू पडत नाही, हे न्यायाधीशही जाणतात. म्हणून उपचाराचा खर्च व बुडालेली मिळकत यांचा हिशोब पुराव्यावर होतो, तर वेदना आणि जगण्यातला हिरावलेला आनंद यांसाठी रूढ झालेल्या अंदाजाने रक्कम ठरते.

मृत्यूच्या दाव्यात मृताच्या वार्षिक मिळकतीतून त्याचा स्वतःचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. भारतात सरला वर्मा निकालाने (2009) हे गुणक पक्के केले: 15 ते 25 वयाला 18, मग उतरत जाऊन 65 च्या पुढे 5. अवलंबून असलेली माणसे दोन-तीन असली तर एक तृतीयांश खर्च वजा होतो. या पद्धतीने एकसारखेपणा आला, पण मिळकत हाच पाया राहिल्यामुळे श्रीमंताचे मरण महाग आणि मजुराचे स्वस्त ठरते. पगार नसलेल्या गृहिणीचे काय, हा प्रश्न तर फार काळ टाळला गेला. तिच्या कामाला आर्थिक मूल्य आहे आणि तिची मिळकत गृहीत धरलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांतून, अलीकडे 2021 मध्ये, सांगितले आहे. बालकाचे भविष्य मात्र आजही अटकळीनेच मोजले जाते.

अद्दल घडवणारी जादा भरपाई हा अपवाद. इंग्लंडमध्ये 1964 पासून ती मुख्यतः सरकारी नोकरांची दडपशाही आणि नफ्यासाठी जाणूनबुजून केलेली चूक यांपुरती आहे. अमेरिकेत ज्यूरी मोठ्या रकमा देत, म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने मूळ भरपाईच्या नऊ पटींहून अधिक रक्कम सहसा टिकणार नाही, असे 2003 मध्ये सुचवले.

प्रत्यक्षात पैसे बहुधा चूक करणारा देतच नाही. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीबद्दल मालक जबाबदार असतो, आणि मालकाच्या किंवा वाहनधारकाच्या वतीने विमा कंपनी पैसे भरते. मग दोष सिद्ध करण्यात वर्षे का घालवायची? न्यूझीलंडने 1974 पासून अपघाती शारीरिक इजेसाठी सार्वजनिक निधीतून थेट भरपाई सुरू केली आणि त्या इजेबद्दल भरपाई मागण्याचा न्यायालयीन मार्ग बहुतांशी बंद केला. तेथे जखमीला कोणाची चूक होती हे सांगावे लागत नाही. त्याबदल्यात चूक करणाऱ्याला न्यायालयात जाब विचारण्याची संधीही त्याला सहसा मिळत नाही.