आधी बेस कापा, मग आवाज जड करा

हेवी मेटलसाठी गिटारचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "किती वॉटचा?" ५० ऐवजी १०० वॉट घेतले, तर फरक पडतो ३ डेसिबलचा. कानाला तो जेमतेम जाणवतो. मेटलचा करकरीत, फाटका आवाज बहुतांशी प्रीॲम्पमध्ये, म्हणजे ॲम्पच्या पहिल्या भागात, तयार होतो. त्यामुळे विचारायचंच असेल तर हे विचारा: हा ॲम्प आवाज फाडण्याआधी बेस (खालची, जाड कंपनं) किती कापतो?

गिटारच्या हंबकर पिकअपमधून (तारांची कंपनं पकडणाऱ्या दुहेरी कॉइलमधून) साधारण ०.२ व्होल्टचा सिग्नल येतो असं धरू. १२एएक्स७ या ट्यूबच्या एका काचेत दोन ट्रायोड (सिग्नल वाढवणारे भाग) असतात आणि प्रत्येक ट्रायोड सिग्नल सुमारे ५० पट वाढवतो. दोन टप्प्यांत २५०० पट, म्हणजे कागदावर ५०० व्होल्ट! एवढं देणं ट्यूबच्या आवाक्यातलं नाही, म्हणून तरंगाचे शेंडे सपाट कापले जातात. हाय-गेन (सिग्नल खूप वाढवणाऱ्या) ॲम्पमध्ये असे तीन-चार टप्पे एकापाठोपाठ लावलेले असतात.

खरी गंमत या कापाकापीत आहे. दोन स्वर एकत्र कापले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. पॉवर कॉर्ड म्हणजे मेटलची दोन स्वरांची कॉर्ड. तिच्यातला ई ८२.४ हर्ट्झचा आणि बी १२३.५ हर्ट्झचा. वजाबाकी ४१.१, म्हणजे त्याच ईच्या एक सप्तक खालचा ई! न वाजवलेला खर्ज फुकटात मिळतो. आता मध्ये जी शार्प (१०३.८) घाला, की झाली पूर्ण मेजर कॉर्ड. एक वजाबाकी २१.४, दुसरी १९.७. या दोन्ही जवळजवळ सारख्या, पण जुळत नाहीत. त्यांची भांडणं वरच्या स्वरांवर स्वार होतात आणि सगळा चिखल होतो. मेटलवाले पूर्ण मेजर कॉर्ड टाळतात त्यामागे हे गणित आहे.

जाड तारेच्या खालच्या कंपनांना जोर जास्त, त्यामुळे ती ट्यूब आधी व्यापतात आणि वरचे बारकावे त्यांच्याखाली चिरडले जातात. शिवाय दोन टप्प्यांमधला कपॅसिटर जोरदार सिग्नलने चार्ज होतो आणि तो उतरेपर्यंत पुढची ट्यूब अर्धवट बंद राहते. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मेगओहमचा रेझिस्टर असेल तर कालांक (चार्ज बराचसा उतरायला लागणारा वेळ) २२ मिलिसेकंद. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत (२०० बीपीएम) सोळाव्या भागाचा एक स्वर ७५ मिलिसेकंदांचा! त्यातला बराच वेळ ट्यूब सावरण्यातच जातो आणि पाम म्यूट (तारेवर तळहाताची कड टेकवून वाजवलेला दबका स्वर) गुदमरतो.

म्हणून चांगले ॲम्प सुरुवातीलाच बेस छाटतात आणि शेवटी, स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ॲम्पमध्ये, तो परत देतात. १९९२च्या पीव्ही ५१५० या ॲम्पवरचं 'रेझोनन्स' बटण याच कामाचं. मेसा कंपनीच्या ड्युअल रेक्टिफायर या ॲम्पचा बेस जाडजूड, म्हणून अनेक जण त्याच्यापुढे ट्यूब स्क्रीमर पेडल लावतात: ड्राइव्ह शून्य, टोन अर्धा, लेव्हल पूर्ण. हे पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचं उतरत्या प्रमाणात कमी फुगवतं. आपल्याला त्याच्याकडून हवं आहे ते एवढंच.

ट्यूबमध्ये काही दैवी शक्ती असते, हा भाबडेपणा सोडून द्या. पँटेरा या मेटल बँडचा गिटारिस्ट डाइमबॅग डॅरेलचा गाजलेला आवाज रँडलच्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा होता.

दुकानात स्वतःची गिटार न्या. गेन निम्म्यावर ठेवून सर्वांत जाड तार पाम म्यूट करत भरभर वाजवा. हात थांबला की आवाजही थांबला पाहिजे. शेपूट लोंबत असेल तर पुढचा ॲम्प पाहा. मिड (मधल्या स्वरांचं बटण) शून्यावर नेऊ नका. हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, म्हणून खोलीत बेस चढवून मिड पाडलेला सूर भारी वाटतो. बँडमध्ये ड्रम आणि बेस गिटार तोच गिळून टाकतात.

१२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं झपाट्याने गाळतो. त्यामुळे ॲम्पचा लाइन-आउट थेट हेडफोनला दिला की माश्या घोंगावतात. मध्ये स्पीकरच्या खोक्याची नक्कल करणारा कॅबिनेट सिम्युलेटर हवा. ट्यूब ॲम्प मात्र स्पीकर किंवा लोडबॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पची ताकद झेलणारा डबा) जोडल्याशिवाय वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ॲम्पवरचे ओहम आणि कॅबिनेटवरचे ओहम सारखे ठेवा.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो. मागची पट्टी वाचल्याशिवाय तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालू नका. १०० वॉटच्या ट्यूब ॲम्पला ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो, पण त्यातून अर्थिंगची तार पुढे जाते का तेवढं तपासून घ्या. स्वस्त डब्यांत ती कधीकधी नसतेच.