निळी-हिरवी माशी

मासळीच्या पाटीवर किंवा मेलेल्या उंदरावर घोंगावणारी, पत्र्यासारखी चकाकणारी टपोरी माशी कॅलिफोरिडी कुळातली असते. इंग्रजीतले तिचे नाव ब्लोफ्लाय. मराठीत तिला रंगावरूनच निळी किंवा हिरवी माशी म्हणतात. गोमाशीशी तिची नेहमी गल्लत होते, पण गोमाशी चावून रक्त पिते आणि ही मुळीच चावत नाही. या कुळात हजारावर जाती आहेत.

वासावरून माग काढत मादी मढ्यापाशी काही मिनिटांतही पोचते. नाकपुड्या, डोळे, तोंड किंवा जखम अशा ओलसर जागा हेरून ती पांढरट अंड्यांचा पुंजका घालते. एका पुंजक्यात दीडशे-दोनशे अंडी सहज असतात आणि उबदार हवेत ती दिवसभरात फुटतात. अळीला पाय नसतात. पुढच्या टोकाला काळे आकडे आणि मागच्या टोकाला श्वासरंध्रे असल्यामुळे तोंड मांसात खुपसूनही तिला श्वास घेता येतो. दोनदा कात टाकून पोट भरले की ती मातीत शिरते. तिथे तिची कातडीच कडक, तपकिरी कोष बनते. आतली माशी बाहेर येताना कपाळावरची एक पिशवी रक्ताच्या दाबाने फुगवते, तिने कोषाचे टोपण उडवते आणि माती सारत वर येते. ही सगळी वाढ तापमानावर चालते. म्हणून अळ्यांचे वय आणि तिथले तापमान यांवरून मृत्यूची वेळ काढता येते.

माणसाच्या आजारपणात ही माशी दोन वाटांनी येते. पहिली वाट साधी: संडासावरून उठून उघड्या अन्नावर बसायचे. पायांना चिकटलेले आणि ओकारीतून पडणारे हगवणीचे, विषमज्वराचे जंतू त्याबरोबर येतात. क्रायसोमिया मेगासेफाला ही आपल्याकडची मोठ्या लाल डोळ्यांची माशी यात पुढे. वाळत घातलेल्या मासळीतही तीच अळ्या पाडते. आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात मेलेल्या जनावरावर पोट भरलेल्या माश्या झुडपांच्या पानांवर ओकतात आणि तो पाला खाणाऱ्या कुडू हरणांना काळपुळी होते.

दुसरी वाट अळीची. जिवंत शरीरात अळ्या वाढण्याला वैद्यकात मायासिस म्हणतात, गावात ‘जखमेत किडे पडले’ म्हणतात. बहुतेक जातींच्या अळ्या सडके मांसच खातात. क्रायसोमिया बेझियाना मात्र मढ्यावर वाढत नाही, तिला जिवंत मांसच लागते. वासराची ओली नाळ, वेसणीचा घाव, गोचीड चावल्याची खूणही तिला पुरते. पाच-सात दिवसांत अळ्या जखम आतून खोल पोखरतात. गावाकडे सीताफळाचा पाला ठेचून जखमेत भरतात. पण अळ्या निघाल्या तरी जखम उघडी ठेवली तर पुन्हा माशी बसतेच.

माणसात हे प्रकरण पुष्कळदा नाकात दिसते. पीनस (नाक आतून सुकून दुर्गंधी येण्याचा जुनाट आजार), कुष्ठरोग किंवा मधुमेह असलेला, अंथरुणाला खिळलेला माणूस नाकावरची माशी हाकलू शकत नाही. आधी दुर्गंधी, मग नाकातून रक्त, मग आत काहीतरी वळवळल्यासारखे वाटते. दुर्लक्ष झाले तर अळ्या डोळ्यापर्यंत, क्वचित मेंदूपर्यंत जातात. डॉक्टर टर्पेंटाइनचे थेंब सोडतात. श्वास कोंडला की अळ्या वर येतात, मग चिमट्याने एकेक वेचतात. एकही मागे राहून चालत नाही, म्हणून वेचणी अनेक दिवस चालते. हा उपाय रुग्णाने घरी करायचा नव्हे.

अमेरिका खंडात हेच काम कॉक्लिओमिया होमिनिव्होरॅक्स करते. तिची मादी सहसा एकदाच समागम करते. हे हेरून एडवर्ड निपलिंग या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी किरणांनी वांझ केलेले नर सोडण्याची युक्ती काढली आणि 1954 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरून ती माशी नाहीशी झाली. पुढे लिबियात शिरलेली साथही 1991 पर्यंत याच रीतीने संपवली. 2024 च्या अखेरीस मात्र मेक्सिकोत ती पुन्हा सापडली.

ल्युसिलिया सेरिकाटा या हिरव्या माशीची अळी मेलेले मांस खाते आणि सहसा जिवंत मांसाला हात लावत नाही. पहिल्या महायुद्धात रणांगणावर सात दिवस पडून राहिलेल्या दोन सैनिकांच्या अळ्या पडलेल्या जखमा आतून स्वच्छ, गुलाबी असल्याचे विल्यम बेअर या अमेरिकन शल्यविशारदांनी पाहिले. पुढे हाडे सडलेल्या मुलांच्या जखमांत त्यांनी मुद्दाम अळ्या सोडल्या. काहींना धनुर्वात झाला, तेव्हा निर्जंतुक अळ्या वाढवणे आले. पेनिसिलिननंतर हा उपचार मागे पडला; 2004 मध्ये अमेरिकेत त्याला पुन्हा अधिकृत परवानगी मिळाली. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेवर अळ्या जाळीखाली बांधतात आणि दोन-तीन दिवसांनी, त्या कोष करायला निघण्याआधीच, धुऊन काढतात.