केशरी कार्ड आहे, मग धान्य का मिळत नाही? अन्नसुरक्षा यादीत नाव घालण्याची पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

घरात केशरी शिधापत्रिका आहे, पण रेशन दुकानात गेलं की दुकानदार सांगतो, ‘तुमचं नाव ऑनलाइन दिसत नाही.’ मग माणसाला वाटतं, दुकानदारच धान्य खातोय. कधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा अडचण वेगळीच असते: कार्ड हातात असतं आणि अन्नसुरक्षा यादीत नाव नसतं. धान्य मिळतं ते या यादीवर. कार्डाचा रंग फक्त उत्पन्नाचा गट सांगतो.

ही यादी राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम २०१३ खाली तयार होते. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू आहे. लाभार्थ्यांचे गट दोन. अंत्योदय, म्हणजे सर्वात गरीब कुटुंबाला माणसं कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून दोन्ही गटांना गहू-तांदूळ मोफत आहेत, म्हणून धान्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. गहू किती आणि तांदूळ किती, हे प्रमाण बदलत असतं. एकूण वजन मात्र कमी भरता कामा नये.

प्राधान्य गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार रुपये आणि शहरात ५९ हजार रुपये आहे. केशरी कार्ड एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाला मिळतं. म्हणजे शहरात वर्षाला ८० हजार कमावणाऱ्या घराचं कार्ड केशरीच, पण ते घर यादीबाहेर. शहरात धुणीभांडी करणाऱ्या बाईचीसुद्धा वर्षाची कमाई ५९ हजारांच्या वर जाते. ही मर्यादा आजच्या मजुरीशी जुळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, पण आज अर्ज करणाऱ्याला ती धरूनच चालावं लागतं. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागातले जिल्हे आणि वर्धा, अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांसाठी धान्याऐवजी बँक खात्यात रोख रक्कम देण्याची वेगळी योजना आहे. तिथले शेतकरी असाल तर त्याची चौकशी स्वतंत्रपणे करा.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यांचाच हक्क सर्वात जास्त राहून जातो. अंत्योदयच्या निकषांत विधवा, अपंग आणि दुर्धर आजारी व्यक्ती कुटुंबप्रमुख असलेली घरं येतात. तसंच ज्यांना खात्रीचं उत्पन्न नाही आणि कुणाचा आधार नाही, अशा ६० वर्षांवरच्या व्यक्ती येतात, मग त्या एकट्या राहत असल्या तरी. प्राधान्य गटात अशा आजींना महिन्याला ५ किलो मिळतील, अंत्योदयमध्ये ३५ किलो. फरक एवढा मोठा आहे. म्हणून अर्जात ‘एकटी राहते, वय ६८, उत्पन्नाचं साधन नाही’ असं स्वच्छ लिहा आणि अंत्योदयचा लाभ मागा. नुसतं ‘धान्य मिळावं’ लिहिलं तर अर्ज प्राधान्य गटाचा धरला जाण्याची शक्यता जास्त.

बऱ्याच म्हाताऱ्या माणसांची नावं अजून मुलाच्या कार्डावर असतात. मुलगा पुण्या-मुंबईला, कार्डही त्याच्याकडे. अशा वेळी आधी त्या कार्डावरून नाव कमी करून घ्यावं लागतं. त्याचा अर्ज नमुना ९. नाव कमी झाल्याचा दाखला हातात आला की नव्या कार्डासाठी नमुना १. असलेल्या कार्डात सून किंवा नातवंडं वाढवायची तर नमुना ८, पत्ता किंवा इतर तपशील बदलायचा तर नमुना १४, आणि कार्ड हरवलं किंवा फाटलं तर दुय्यम प्रतीसाठी नमुना १५.

कागदपत्रांत कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डं लागतात. राहण्याचा पुरावा म्हणून वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार चालतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा हवा. तो सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रातून निघतो आणि त्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. हा दाखला आधी काढा, कारण वेळ तिथेच जातो. शिवाय गॅस जोडणी असल्यास तिचा तपशील, बँक पासबुकाची प्रत, हमीपत्र आणि कुटुंबप्रमुख स्त्रीचा फोटो. कायद्याने घरातली १८ वर्षांवरची सर्वात मोठी स्त्री ही कार्डाची कुटुंबप्रमुख असते, त्यामुळे अर्जही तिच्या नावाने भरा. विधवा असल्यास पतीचा मृत्यू दाखला, अपंगत्व असल्यास त्याचं प्रमाणपत्र जोडा. आधारवरचं नाव आणि बाकी कागदांवरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा. एका वेलांटीच्या फरकानेही अर्ज अडकतो.

अर्ज गावात आणि तालुक्याला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्यायचा, मुंबई-ठाण्याकडे आपल्या भागाच्या शिधावाटप कार्यालयात, तर पुण्यासारख्या शहरात परिमंडळ कार्यालयात. अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येतो. कसाही करा, पोच किंवा अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय सोडू नका. आधारला जोडलेला मोबाइल चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. पुढे पुरवठा निरीक्षक चौकशी करतात आणि मंजुरीनंतर १२ अंकी क्रमांक मिळतो. तो कार्डावर लिहून ठेवा. कोणाकोणाची नावं आहेत आणि किती धान्य येणं आहे, हे ‘मेरा राशन’ अ‍ॅपमध्ये दिसतं.

इथे एक अडचण येते आणि ती आधीच माहीत असलेली बरी. राज्यासाठी लाभार्थ्यांची कमाल संख्या केंद्राने ठरवून दिली आहे: सुमारे ७ कोटी, त्यात ग्रामीण लोकसंख्येचे ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येचे ४५.३४ टक्के. यालाच कार्यालयात ‘इष्टांक’ म्हणतात. तुमच्या तालुक्याचा इष्टांक भरला असेल तर पात्र असूनही थांबावं लागतं. कुणी वारलं, स्थलांतर झालं, अपात्र ठरलं की जागा होते. ‘इष्टांक शिल्लक नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. सेवेची ठरलेली मुदत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार कार्यालयातल्या फलकावर लावलेली असायला हवी. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

यादीत नाव आल्यावर प्रत्येक सदस्याचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करायचं असतं. दुकानातल्या पॉस मशिनवर अंगठा लावला की ते होतं. शेतात, विटभट्टीवर राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते घेत नाही, आणि आजोबा रिकामी पिशवी घेऊन परततात. तसं परतू नका. दुसरी बोटं लावून बघा, मशिनला बुबुळाची सोय असेल तर ती मागा, नाहीतर ‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅपवर चेहरा दाखवून काम होतं. ते दुसऱ्याच्या फोनवरूनही चालतं, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरीच करता येतं. ठसा जुळला नाही किंवा आधार नाही, एवढ्यावरून धान्य नाकारायचं नाही, असं केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्राने राज्यांना बजावलेलं आहे. हे दुकानदाराला सांगा, नाही ऐकलं तर पुरवठा शाखेला लेखी द्या.

ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेर जाणाऱ्या घरांनी ‘एक देश एक रेशन कार्ड’ लक्षात ठेवावं. जिथे मुक्काम, तिथल्या कोणत्याही रेशन दुकानात आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं आणि उरलेलं गावात राहिलेले आईवडील आपल्या दुकानातून घेऊ शकतात. बाहेर गेलेल्यांनी सगळ्यांचा वाटा तिकडेच उचलला तर मागच्यांना काही उरत नाही, म्हणून निघण्याआधी घरात ठरवून घ्या.

धान्य घेताना मशिनमधून निघालेली पावती मागा आणि त्यावरचं वजन पिशवीतल्या वजनाशी जुळवून पाहा. कमी भरलं तर १९६७ किंवा १८००२२४९५० या मोफत क्रमांकांवर तक्रार नोंदवता येते. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्यावर राज्य अन्न आयोग आहे. तक्रारीत कार्डाचा १२ अंकी क्रमांक, दुकानाचा क्रमांक आणि पावतीची तारीख लिहा.