कमरेचं हाड काढलं म्हणून पोर लंगडं होत नाही

"ओठ शिवून झालाय ना, मग आता कमरेचं हाड कशाला काढायचं? पोर जन्माचं लंगडं होईल!" फाटलेल्या ओठाच्या मुलांच्या घरी, दापोली-हर्णै पट्ट्यात काय किंवा मालवणात काय, हे कुणीतरी सुनावतंच. आणि त्यापायी ऑपरेशनचं नेमकं वय निघून जातं.

ओठ आणि टाळू शिवले तरी वरच्या हिरडीच्या हाडातली फट तशीच राहते. पेज भुरकताना दोन थेंब नाकातून येतात, ते बरेचदा तिथूनच. सुळ्याला तर उतरायला जमीनच नसते. म्हणून साधारण ८ ते ११ व्या वर्षी, सुळा बाहेर येण्याआधी, फट कमरेतून घेतलेल्या हाडाने भरतात. गरजेप्रमाणे आधी तारा लावून आक्रसलेला जबडा रुंदावतात. बॉइन आणि सँड्स या डॉक्टरांनी १९७२ मध्ये ही वाट दाखवली. त्यापूर्वी तान्हेपणीच हाड भरून पाहिलं गेलं होतं, पण त्याने वरच्या जबड्याची वाढ खुंटते असं आढळलं.

आता कंबर. शहाळ्याचं तोंड छाटून मलई काढतो ना, तसंच. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला छोटी खिडकी पाडून आतला जाळीदार गर खरवडतात; करवंटी जागेवरच. खुब्याचा सांधा तिथून लांब. काही दिवस दुखतं, पोर वाकडं चालतं, हे खरं. (नेमकं तेव्हाच कुणी बघून गेलं की अफवा पुन्हा ताजी!)

पुढे सुळा त्या नव्या हाडातून बरेचदा आपणहून उतरतो. अडलाच तर तारेने ओढून आणतात.