२९ टक्के की २७ जणी?

कुठल्याही विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान शाखेतून दोन प्रकारचा मजकूर सतत बाहेर पडत असतो. एक बातम्यांचा: आमच्या प्रयोगशाळेत नवा रेणू सापडला, अमुक आजाराचा धोका इतक्या टक्क्यांनी घटवणारा उपाय मिळाला, तमुक प्राध्यापकांना पुरस्कार जाहीर. दुसरा आगामी कार्यक्रमांचा: सोमवारी दुपारी जर्नल क्लब, बुधवारी सकाळी ग्रँड राउंड्स, शुक्रवारी कुणाच्या तरी पीएचडीची तोंडी परीक्षा. पहिला मजकूर वर्तमानपत्रात जातो आणि तिथून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दुसरा नोटीस बोर्डावरच पिवळा पडतो. चहा-बिस्किटांची सोय आहे का, एवढं बघायला फार तर विद्यार्थी तो वाचतात.

विज्ञान कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल तर मला तो दुसरा मजकूर जास्त कामाचा वाटतो. बातमीत निष्कर्ष असतो. सोमवारच्या त्या खोलीत त्याच निष्कर्षाची उलटतपासणी चालते.

जर्नल क्लब म्हणजे नुकताच छापून आलेला एक शोधनिबंध घेऊन पाच-पंचवीस जणांनी बसायचं आणि तो फाडून बघायचा. रुग्ण कसे निवडले? तुलनेला गट होता का? मध्येच किती जण गळले, आणि त्यांचं पुढे काय झालं? याची सुरुवात मात्र अगदी व्यावहारिक कारणाने झाली. १८७५ साली मॉन्ट्रिअलच्या मॅक्गिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर या तरुण प्राध्यापकाने असा क्लब काढला, कारण परदेशी नियतकालिकं एकट्याच्या खिशाला परवडत नव्हती. वर्गणी काढून अंक मागवायचे आणि सगळ्यांनी वाचायचे. आपल्याकडे भिशी लावतात तसंच काहीसं. ग्रँड राउंड्सचं मूळ वेगळं. तिथे पूर्वी खराखुरा रुग्ण व्याख्यानगृहात आणला जाई आणि त्याच्यासमोर डॉक्टर मंडळी चर्चा करत. आता बहुतेक ठिकाणी रुग्णाच्या जागी स्लाइड्स आल्या आहेत.

ऑस्लरचं लहानपण ज्या डंडास गावात गेलं, ते आज कॅनडातल्या हॅमिल्टन शहराचा भाग आहे. ऑन्टॅरिओ सरोवराच्या पश्चिम टोकाचं हे शहर पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखलं जायचं. इथल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६०च्या दशकात नवं वैद्यकीय महाविद्यालय काढायचं ठरवलं. १९६९ साली पहिल्या तुकडीत अवघे २० विद्यार्थी होते. त्यांना आधी दोन वर्षं शरीररचना पाठ करायला लावायची आणि मग रुग्ण दाखवायचा, ही जुनी रीत तिथे मोडली. पहिल्यापासूनच छोट्या गटापुढे एखाद्या रुग्णाची अडचण ठेवायची आणि काय काय शिकावं लागेल ते त्यांनीच शोधायचं. ही पद्धत पुढे जगभर गेली.

पण या शाखेचं मोठं देणं माझ्या मते वेगळंच आहे. वैद्यकातली बातमी वाचायची कशी, हे तिने डॉक्टरांना शिकवलं.

१९६७ साली डेव्हिड सॅकेट नावाचा पस्तिशीही न गाठलेला डॉक्टर इथे आला आणि त्याने क्लिनिकल एपिडेमिऑलॉजीचा विभाग उभा केला. साथी मोजण्याचं शास्त्र खाटेवरच्या रुग्णासाठी वापरायचं, असा त्याचा डाव. १९८१ मध्ये या विभागाने कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध कसा वाचावा यावर लेखमालाच लिहिली. माणूस मोठा विलक्षण. नाव झालेलं, विभागप्रमुखपद भोगून झालेलं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याला वाटलं की आपण डॉक्टर म्हणून पुरेसे चांगले नाही. मग दोन वर्षं तो पुन्हा रेसिडेंट झाला, आपल्याच रुग्णालयात, आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांबरोबर. आपल्याकडे एखाद्या एचओडींनी असं काही केल्याची कल्पना करून बघा!

त्या काळातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेंदूची रक्तवाहिनी अरुंद झाली की अर्धांगवायूचा धोका. मग डोक्याच्या कातडीला रक्त पुरवणारी रोहिणी कवटीच्या आत नेऊन मेंदूच्या रोहिणीला जोडली तर? कल्पना इतकी पटण्यासारखी की जगभर अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. ऑन्टॅरिओतल्याच हेन्री बार्नेट यांनी सॅकेटला सोबत घेऊन १,३७७ रुग्णांवर चाचणी केली. कुणाची शस्त्रक्रिया करायची आणि कुणाला फक्त औषधं द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. १९८५ मध्ये निकाल आला. जोडलेल्या वाहिन्यांपैकी ९६ टक्के छान वाहत्या होत्या. फक्त, अर्धांगवायूचं प्रमाण शस्त्रक्रियेमुळे कमी झालं नव्हतं. शल्यविशारद चिडले, पण ती शस्त्रक्रिया मागे पडली. नळ दुरुस्त झाला म्हणजे घरात पाणी आलंच असं नाही, हे आपल्याला एरवी ठाऊक असतं. शरीराच्या बाबतीत मात्र आपण विसरतो.

आता बातम्यांकडे येऊ. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात आणि मूळ शोधनिबंधात किती अंतर असतं, हे ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून पाहिलं. २० आघाडीच्या विद्यापीठांची ४६२ आरोग्यविषयक पत्रकं त्यांनी तपासली. निकाल डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ४० टक्के पत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला निबंधापेक्षा ठाशीव होता. ३३ टक्क्यांत, दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढ्यावरून एकीमुळे दुसरी होते असा दावा वाढवून केला होता. ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसावर अधिकच सढळपणे लादले होते. आणि पत्रकातच अतिशयोक्ती असेल तर वर्तमानपत्रातही ती येण्याची शक्यता कितीतरी पट वाढत होती.

म्हणजे ‘पत्रकार मसाला घालतात’ हा आपला आवडता आरोप अर्धाच खरा. फोडणी बऱ्याचदा विद्यापीठाच्या स्वयंपाकघरातच बसलेली असते. गंमत अशी की अतिशयोक्ती केल्याने पत्रकाला जास्त प्रसिद्धी मिळाल्याचंही या अभ्यासात फारसं दिसलं नाही.

प्राण्यांवरून माणसाकडे मारलेली उडी म्हणजे काय, याला मॅकमास्टरमधलंच ताजं उदाहरण आहे. २०२३ मध्ये तिथल्या आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी अबाउसिन हा रेणू शोधल्याचं जाहीर केलं. असिनेटोबॅक्टर बॉमनी हा जिवाणू अतिदक्षता विभागांची डोकेदुखी आहे. तो बहुतेक औषधांना दाद देत नाही, आणि आपल्याकडच्या आयसीयूत काम करणाऱ्या कुणालाही त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. संशोधकांनी आधी सुमारे साडेसात हजार रेणू या जिवाणूवर टाकून पाहिले, त्यावरून संगणकाला शिकवलं, आणि मग त्याला ६,६०० हून अधिक दुसरे रेणू चाळायला दिले. दोन तासांच्या आत निवड हाती आली. त्यातले २४० प्रयोगशाळेत तपासले, नऊ कामाचे निघाले, त्यातला एक भलताच प्रभावी. हाच रेणू मुळात मधुमेहासाठी विचारात घेतला गेला होता.

काम उत्तमच आहे. मथळे मात्र झाले, ‘एआयने शोधलं सुपरबगवर औषध’. त्या निबंधात रुग्ण कोण होते? उंदीर, त्यांच्या त्वचेवरच्या जखमा. उंदरापासून माणसाच्या रक्तात देण्याच्या इंजेक्शनपर्यंत अनेक वर्षांची वाट असते आणि बहुतेक रेणू त्या वाटेत गळतात. ‘औषध’ आणि ‘औषध होऊ शकेल असा रेणू’ यांत जे अंतर आहे ते मथळ्यात मावत नाही, एवढंच.

आता टक्क्यांकडे. उदाहरण घरचंच, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचं. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना गाठीला हात लागतो, तिथल्या पेशी ढवळल्या जातात आणि काही पेशी निसटून दूरवर रुजत असाव्यात, अशी शंका जुनी. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी एक साधा उपाय तपासला. शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिडोकेनचं, म्हणजे दात काढताना बधिर करायला देतात त्या औषधाचं, इंजेक्शन. भारतातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रिया, अर्ध्यांना इंजेक्शन, अर्ध्यांना नाही. शस्त्रक्रिया आणि बाकी उपचार नेहमीचेच. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, दिलेल्या गटात ९०.१ टक्के.

हे तीन प्रकारे सांगता येतं, आणि तिन्ही खरंच. पहिला: मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी घटला. ही सापेक्ष घट, म्हणजे इंजेक्शन न दिलेल्या गटाच्या मानाने. कोण कधी दगावलं तो काळही धरून केलेला हिशेब. दुसरा: हयात राहणाऱ्यांचं प्रमाण ३.७ टक्के-गुणांनी वाढलं. ही निव्वळ वाढ. पहिला आकडा ऐकून माणूस खुर्चीत ताठ बसतो, दुसरा ऐकून पान उलटतो.

तिसरा प्रकार मॅकमास्टरचा. १९८८ साली लॉपासिस, सॅकेट आणि रॉबर्ट्स या तिघांनी न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात एक सोपं माप सुचवलं: एकाला फायदा व्हायला किती जणांवर उपचार करावे लागतील? १०० भागिले ३.७, म्हणजे २७. सत्तावीस जणींना ते इंजेक्शन दिलं तर पाच वर्षांनी त्यांतली एक अधिक स्त्री जिवंत असेल. बाकी सव्वीस जणींचं काय? त्यांतल्या बहुतेक इंजेक्शनशिवायही वाचल्या असत्या, आणि काहींना इंजेक्शन देऊनही वाचवता येणार नाही. ती एक कोण, हे कुणालाही आधी सांगता येत नाही.

सत्तावीस हा आकडा मोठा की छोटा? ते सत्तावीस जणींना काय सोसावं लागतं यावर ठरेल. इथे सोसायचं ते एका जुन्या, स्वस्त औषधाचं इंजेक्शन, तेही भूल दिलेली असताना. एवढ्याशा किमतीत सत्ताविसात एक जीव म्हणजे फारच चांगला सौदा. हाच आकडा केस गळवणाऱ्या, लाखो रुपयांच्या औषधाचा असता तर कुटुंबाला बसून विचार करावा लागला असता. ‘२९ टक्के’ या आकड्याला हा विचार करताच येत नाही, म्हणून मला सत्तावीस आवडतो.

मॅकमास्टरवाले स्वतः घसरले नाहीत असं मुळीच नाही. १९७८ मध्ये कॅनडातल्या एका चाचणीत अर्धांगवायूची पूर्वसूचना मिळालेल्या ५८५ रुग्णांना ॲस्पिरिन देऊन पाहिलं. सॅकेट त्यातही होता. एकूण फायदा दिसला. मग पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या करून पाहिल्या तर पुरुषांत धोका जवळपास निम्म्याने कमी, स्त्रियांत काहीच नाही! निष्कर्ष काढला गेला, आणि अमेरिकेत या कारणासाठी ॲस्पिरिनला मान्यता मिळाली तीही बरीच वर्षं फक्त पुरुषांसाठी. पुढे अनेक चाचण्यांची माहिती एकत्र केल्यावर कळलं की फायदा स्त्रियांनाही होतो. छोट्या गटाचे आणखी छोटे तुकडे केले की योगायोग नियमाचं सोंग घेतो.

हेच सिद्ध करायला ऑक्सफर्डच्या मंडळींनी १९८८ मध्ये जे केलं ते मराठी माणसाला विशेष भावेल. हृदयविकाराच्या झटक्याच्या १७,१८७ रुग्णांवरची त्यांची चाचणी ॲस्पिरिनचा फायदा स्पष्ट दाखवत होती. ती छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी आग्रह धरला की रुग्णांचे पोटगट पाडून दाखवा. त्यांनी पाडले, जन्मराशींप्रमाणे! मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग होत नाही, उलट किंचित अपायच, असं उत्तर आलं. (पाश्चात्त्य सूर्यराशी बरं का, आपल्या चंद्रराशीवाल्यांनी गोळी बंद करू नये.) त्या चाचणीमागच्या मंडळींत केरळचे सलीम युसुफ होते. ते पुढे हॅमिल्टनला गेले आणि हृदयविकारावरचे मोठमोठे आंतरराष्ट्रीय अभ्यास त्यांनी तिथून चालवले. त्यातल्या एकातून, जगाच्या इतर भागांच्या मानाने दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी पाचेक वर्षं आधीच येतो हे पुढे आलं.

या सगळ्या शंकेखोरपणाला नाव मिळालं १९९०च्या सुमारास. गॉर्डन गायट मॅकमास्टरमध्ये रेसिडेंट डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख झाले आणि त्यांनी आपल्या पद्धतीला आधी ‘शास्त्रीय वैद्यक’ म्हणून पाहिलं. सहकारी भडकले: म्हणजे आम्ही आजवर करत होतो ते अशास्त्रीय? मग त्यांनी ‘पुराव्यावर आधारित वैद्यक’ हा शब्द काढला, आणि तो टिकला. पहिल्या नावाने भांडणं लागली, दुसऱ्याने जगभर परिषदा भरू लागल्या. विद्यापीठांच्या कार्यक्रमपत्रिकांत हे शब्द आज इतक्या वेळा येतात की कधी कधी ते मंत्रासारखे पुटपुटले जातात की काय अशी शंका येते.

ती शंका सॅकेटलाच आधी आली. २००० साली त्याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की तज्ज्ञ फार काळ त्याच विषयात बसला की नव्या कल्पनांच्या आड येतो. लोक पुराव्यापेक्षा त्याच्या नावाला भुलतात. म्हणून इथून पुढे पुराव्यावर आधारित वैद्यकावर आपण व्याख्यान देणार नाही, लिहिणार नाही, कुणाचा निबंध तपासणारही नाही. त्याआधी आणखी एका विषयातून त्याने अशीच निवृत्ती घेतली होती. नंतर तो ऑन्टॅरिओतल्या एका तळ्याकाठी राहायला गेला आणि चाचण्या कशा आखाव्यात हे तरुण संशोधकांना शिकवत राहिला. मे २०१५ मध्ये तो गेला.